कोंबड्या हाकलून मग गाव जाळणारे व्याही

सगळ्या मुलुंडात, आणि मी तर म्हणतो पार ठाण्याच्या खाडीपर्यंत शोधलं, तरी माझ्या थोरल्या लेकीच्या सासऱ्यांइतका सज्जन राक्षस सापडायचा नाही. राक्षस हे मी रागानं म्हणत नाही. ते त्यांचं कामच आहे. सत्तरी उलटलेला माणूस, गिरणी कधीच सुटलेली, गुडघ्याला पट्टा, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि रोज सकाळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून टीव्हीसमोर बसतो आणि गावं जाळतो. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा जावई, अंधेरीला एका कंपनीत आहे, तिथे व्हिडिओ गेम बनवतात. त्यानं हा एक घरी आणला, म्हाताऱ्या माणसाला बटणं कळतात का बघायला. गेम जुन्या धर्तीचा, चित्रातली माणसं विटांचे तुकडे रचल्यासारखी, गाणं पिपाणीसारखं. आणि ह्यात खेळणाऱ्यानं हिरो व्हायचं नसतं, राक्षस व्हायचं असतं. गावं लुटायची, ताकद वाढवायची, शेवटी हिरोला मारायचं, की राक्षस राजा. म्हाताऱ्याला बटणं कळली. तेव्हापासून मला खाली मान घालून चालायची सवय लागली.

आता हे त्यांना नवीन नव्हतं, हेही सांगायला पाहिजे. माणूस मालवणकडचा. तरुणपणी गिरणीतून रजा काढून गावच्या जत्रेला जायचे, तिथे दशावतारात राक्षसाचं काम करायचे. तोंडाला काळा-लाल रंग, मशालीवर राळ उडवून जाळ, आणि लोकांच्या मधून ओरडत येणं. मी घाटावरचा, पाटणकडचा माणूस. आमच्याकडे तमाशा असतो, पण तमाशातला माणूस घरी आल्यावर तमाशा करत नाही. ह्यांचं तसं नाही. ह्यांनी रंग पुसला, पण राक्षस आत तसाच ठेवला होता, आणि मुलानं त्याला बटण दिलं.

खेळायला बसायच्या आधी त्यांचे सोपस्कार बघावेत. पहिल्यांदा देव्हाऱ्याचा पडदा ओढायचा, कारण देवांनी हे बघू नये. मग रिमोट कपाळाला लावायचा. मग उठून गॅलरीत जायचं आणि राक्षसाची आरोळी द्यायची. ती आरोळी चौथ्या मजल्यावरून निघते आणि खाली भाजीवाल्याच्या गाडीवरचे टोमॅटो हलतात, असं माझी मुलगी सांगते. मी हलताना बघितलेले नाहीत, पण भाजीवाला दचकलेला बघितला आहे. नवीन राहायला आलेल्या खालच्या मजल्यावरच्या बाई एकदा घाबऱ्याघुबऱ्या वर आल्या. त्यांना वाटलं, घरात मारामारी चालली आहे. विहीणबाई पोळपाटासमोरून न उठता म्हणाल्या, "ओरडांदेत गो. एरवी घरात ह्येंका बोलूक तरी खय येता!" त्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी पाहुणा म्हणून बसलेलो. मी पेपर वर धरला. उलटा धरला होता, हे नंतर कळलं.

पण राक्षस म्हणून त्यांच्याइतका कुचकामी माणूस नाही. गाव जाळायचं, तर आधी सगळ्या कोंबड्या कुंपणाबाहेर हाकलणार. एका एका कोंबडीमागे तो विटांचा राक्षस तलवार घेऊन हळूहळू चालतोय, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. एक दिवस मी सकाळी गेलो तर राक्षस विहिरीपाशी उभा. जेवलो, तरी उभा. मी एक झोप काढून उठलो, तरी उभा. मी विचारलं, "व्याही, बिघडलं का मशीन?" तर म्हणाले, "नाय ओ. बायमाणूस पाणी भरता. भरून जांवदे, मगे जाळतंय." चित्रातली बाई ती! तिला मरेपर्यंत पाणीच भरायचं होतं. तिला कुणी घरी जायला शिकवलंच नव्हतं. शेवटी त्यांनी ते गाव सोडून दिलं आणि शेजारच्या गावाला गेले.

आणि शेवटी मरणार. रोज. हिरो समोर आला, की थोडा वेळ जोरात लढाई देणार, आणि मग रिमोट मांडीवर ठेवून राक्षसाला छाती पुढे काढून उभा करणार. हिरो वार करतो, राक्षस पडतो, आणि त्याच वेळी इकडे हेही सोफ्यावर आडवे, जीभ बाहेर, डोळे पांढरे. विहीणबाईंनी चहा आणून दिल्याशिवाय प्रेत उठत नाही. जावई डोकं धरून सांगायचा, "बाबा, राक्षसाने जिंकायचंय! गेमच तसा आहे. तुम्ही हरलात तर पुढचं दिसणारच नाही." त्यावर मेलेले व्याही एक डोळा उघडून म्हणायचे, "मगे तुमचो गेम चुकलोहा. राकसान जिकाचा नसता, बाळा. राकसान मराचा. आणि असा मराचा, काय घराकडे जाताना लोकांनी नाव काढूक होया." त्या गेममधला राक्षस राजा झाल्यावर काय होतं, ते त्या घरात कुणीच बघितलेलं नव्हतं.

हे सगळं चार भिंतींत राहिलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण माणूस अभिमानी. माझ्या चुलतभावाच्या नातवाच्या बारशाला ह्यांना बोलावलं होतं. तिथे कुणीतरी रीतीप्रमाणे विचारलं, "मग, आता काय करता?" लोक सांगतात, आराम, नातवंडं, देवदर्शन. हे म्हणाले, "गावा जाळतंय. बरा चल्लाहा." माझे सगळे भाऊबंद माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी साकीनाक्याला जन्मभर लेथवर उभा राहिलो, शाळा चौथीपर्यंत, पण कुणापुढे मान खाली घालायची वेळ येऊ दिली नाही. आणि हे एका वाक्यात ती आणत होते.

म्हणून माझ्या धाकटीच्या, स्वातीच्या लग्नाची बैठक ठरली तेव्हा मला पहिल्यांदा व्याह्यांची आरोळी आठवली. तिशी गाठलेली पोर, माझ्या मागे तिचं कोण, ही एकच काळजी मला राहिलेली. मुलगा तिनंच बघितला होता, अमोल नावाचा, बोरिवलीचा. तेही घाटावरचेच, कोरेगावकडचे. बाप बस कंडक्टर होता, आई शाळेत बाई. पोरांचं ठरलेलं, फक्त वडीलधाऱ्यांनी बसून हो म्हणायचं राहिलेलं. पण त्या बाईंचे गुडघे गेलेले, आणि माझी खोली घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर, पायऱ्या चढून. व्याही म्हणाले, "आमच्याकडे करा. लिफ्ट हा." मी आयुष्यात कुणाचा हातोडासुद्धा उसना आणला नाही, आणि आता पोरीच्या बैठकीला घर उसनं. मान खाली घालून हो म्हटलं, पण अट घातली: त्या दिवशी राक्षस बंद. त्यांनी त्यांच्या गावच्या देवाची, रवळनाथाची शपथ घेतली.

शपथ त्यांनी पाळली, उगाच खोटं बोलणार नाही. टीव्हीवर विहीणबाईंची नवी शाल घातली होती, जणू आत कुणी झोपलंय. पाहुणे आले. घावणे झाले, चहा झाला. मुलाच्या आईनं मला विचारलं, "आपलं शिक्षण?" मी म्हटलं, "तुमच्या मानानं काही नाही," आणि पाण्याचा ग्लास उचलला. तेवढ्यात अमोलची नजर शालीखालून लोंबणाऱ्या वायरीवर गेली. "काका, हे तेच ना? तुम्ही राक्षस खेळता? स्वाती सांगत होती!"

व्याह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही म्हणून. पण मुलाची आईच म्हणाली, "खेळा की. आता घरचेच आपण." आता मुलाच्या आईला नाही कोण म्हणणार?

त्या गेममध्ये दुसऱ्या माणसाला हिरो घेता येतो. अमोलनं हिरो घेतला. व्याह्यांनी देव्हाऱ्याचा पडदा ओढला आणि माझ्याकडे बघत आरोळी दिली, पण कुजबुजून. कुजबुजलेली आरोळी कधी ऐकली आहे का कुणी? सायकलची हवा गेल्यासारखी. पण लढाई जशी रंगात आली तशी मला दिलेली शपथ पातळ झाली, आणि एक आरोळी अशी सुटली, की मुलाच्या आईच्या हातातला घावणा बशीत परत गेला. मी छताकडे बघत बसलो. पंख्याला धूळ होती.

मग ते झालं. व्याह्यांनी रिवाजाप्रमाणे रिमोट मांडीवर ठेवला, राक्षस छाती काढून उभा केला, मार म्हणून. पण अमोलच्या आईनं त्याला डोळ्यानं खुणावलं. बैठकीला आलेल्या मुलानं मुलीकडच्या वडीलधाऱ्याला हरवायचं नसतं, ही आमच्याकडची रीत. पोरगा वळणाचा. त्यानंही हिरो उभा केला. झालं. राक्षस उभा, हिरो उभा. पिपाणी वाजतेय आणि कुणीच कुणाला मारत नाही.

"मार रे बाबा," व्याही म्हणाले.

"नाही काका, तुम्ही मारा. मोठे आहात."

"अरे, मोठो म्हणानच मरतंय. मार!"

"काका, असं कसं..."

स्वैपाकघराच्या दारात स्वाती पदर सावरून उभी होती, मी शिकवल्यासारखी. तिला ते सहन झालं नाही. "ए अमोल! मार ना यार त्यांना! वाट लावली गेमची!"

मुलगी, सासरची माणसं समोर बसलेली, आणि होणाऱ्या नवऱ्याला 'ए' आणि 'यार'. मला वाटलं, गॅलरीतून उडी मारावी. पण गुडघे माझेही गेलेले.

अमोल गोंधळला. एकीकडे आई, एकीकडे ही. त्यानं मधला मार्ग काढला: हिरोला पुढे चालवला आणि राक्षसाच्या पुढे काढलेल्या तलवारीवर स्वतःच नेऊन घातला. हिरो मेला. राक्षस जिंकला.

"बाबा!" माझा जावई ओरडला. "शेवट! शेवट आला!"

टीव्हीवर एक सोन्याची खुर्ची आली, आणि तिच्यावर आमचा राक्षस जाऊन बसला. मागे गाव. पण गावात कुणी नव्हतं. विहीर होती, पाणी भरणारं कुणी नव्हतं. कुंपणं होती, कोंबडी एक नव्हती. राक्षस बसून राहिला आणि पिपाणी तेच तेच वाजवत राहिली.

व्याही बघत होते. ह्या माणसाला मी कधी लाजलेला बघितला नव्हता. मला वाटायचं, देवानं ती वस्तू त्यांना दिलीच नाही, म्हणून त्यांच्या वाटणीची मलाच लाजावी लागते. पण त्यांचं तोंड पडलं. रिमोट खाली ठेवला तो दूर सारून ठेवला. "व्याह्यांनू," ते म्हणाले, "माझ्या हातसून हिरो मेलो. पोरीच्या बैठकीत." आणि शालीनं डोळे पुसले. मी काहीतरी म्हणायला पाहिजे होतं. मी पंख्याकडेच बघत होतो.

ते उठले, देव्हाऱ्याचा पडदा सरकवला आणि हात जोडून गाऱ्हाणं घालायला लागले. कोकणात काही चुकलंमाकलं, की देवाला असं मोठ्यानं सांगतात, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला हो म्हणायचं असतं. "बा देवा म्हाराजा! आज ह्या पोरीच्या शुभ कामात माझ्या हातसून जा काय वाकडा घडला आसात..."

"व्हय म्हाराजा!" विहीणबाई आणि जावई म्हणाले.

"ता काय आसात ता माका लागांदे, पोरीक लागू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिचो संसार माणसांनी भरलेलो ऱ्हवांदे. खुर्ची नको, माणसा होयी रे म्हाराजा!"

ह्या वेळी एक आवाज जास्त आला, "होय महाराजा!" मुलाचा बाप उभा राहिला होता, हात जोडून. आल्यापासून तो माणूस 'चहा घेतो' एवढंच बोलला होता. मग त्याची बायको गुडघ्यावर हात ठेवून उठली, आणि मीही उठलो. मला ते कोकणी येत नाही, पण ओठ हलवले.

गाऱ्हाणं संपल्यावर मुलाची आई मला म्हणाली, "तुमची मुलगी आत्ताच आमच्या मुलाला रागावते. मग आता आपण बसून ठरवायचं काय राहिलं? तारीख बघा." घावण्याचा बशीत परत गेलेला तुकडाही तिनं मग खाल्ला.

लग्न झालं. पोर सुखात आहे. बोरिवलीला त्यांच्या घरी नेहमी कुणी ना कुणी आलेलं असतं, बसायला जागा नसते, स्वाती कुरकुरते. पण व्याह्यांनी त्या दिवसानंतर रिमोट हातात घेतला नाही. जावई समजावतो, बाबा, एक बटण दाबलं की पहिल्यापासून सुरू, हिरो जिवंत, गाव जिवंत. ते म्हणतात, "ता खरा. पण मी ती खुर्ची बघलंय मा." अमोल येतो, हिरो व्हायला तयार असतो, मारीन म्हणून वचन देतो. ते त्याला चहा पाजून, पाठीवर हात फिरवून पाठवून देतात. आता कुणी विचारलं काय करता, तर सांगतात, आराम. अगदी सगळ्यांसारखं. माझ्या भाऊबंदांना ते आता फार सभ्य वाटतात.

मी अजून मुलुंडला जातो. आम्ही दोघं गॅलरीत बसतो, गुडघ्यांचं बोलतो, डोळ्यांचं बोलतो. एकदा ओरडा हो, असं मी त्यांना म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. माझा स्वभाव नाही तो. पण बिल्डिंगच्या गेटापाशी पोचलो, की मी थोडा थांबतो. चप्पल झटकल्यासारखं करतो, कुणी बघत असेल तर. चौथ्या मजल्याकडे कान लावतो. भाजीवाला टोमॅटो मोजत असतो, वरून कुकरची शिट्टी येते, कुणाच्या तरी घरी रेडिओ लागलेला असतो. मग मी आत जातो.