हवेचा रकाना

टाकीतली हवा निघत गेली तशी स्क्रीनवरची रेघ जाड होत गेली. टेस्ट पुण्याच्या लॅबमध्ये चालली होती. मी मिठबावात, घराच्या पडवीत लॅपटॉप घेऊन बसलो होतो; आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर. फोनवर माझी सहकारी मृणाल होती. "सर, फोकस गेला," ती म्हणाली.

मी स्पेक्ट्रोग्राफ डिझाइन करतो. मोठ्या दुर्बिणीने गोळा केलेला ताऱ्याचा प्रकाश हे यंत्र हजारो बारीक रेघांत फोडतं. ताऱ्याभोवती ग्रह फिरत असेल तर त्या रेघा किंचित मागेपुढे सरकतात. ते मोजायचं तर रेघ बारीकच हवी. हवेचा दाब बदलला तरी रेघा हलतात, म्हणून यंत्र निर्वात टाकीत ठेवतात.

काच प्रकाश किती वाकवते, हे भोवती हवा आहे की नाही यावरही थोडं अवलंबून असतं. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी हवेच्या दाबाचा रकाना असतो. नव्या फाइलमध्ये तिथे आपोआप 'एक' येतो, म्हणजे नेहमीची हवा. आम्ही तो शून्य करायचा असतो. रेघा डिटेक्टरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, पाडणाऱ्या कॅमेरा लेन्सच्या फाइलमध्ये मी तो केला नाही. उघड्या टेबलावर, हवेत, लेन्स अर्थातच सुंदर चालली.

तेव्हा मृणालने विचारलं होतं, "सर, एकदा टाकीत घालून बघू या का?"

आकडेमोड मी केलीय, असं मी तिला सुनावलं. घराण्यातला पहिला पदवीधर मी. माझं गणित कुणी तपासलेलं मला खपत नसे.

फोकस जेमतेम अर्धा मिलिमीटर चुकला होता. डिटेक्टर लांब न्यायचा असता तर मध्ये चकती घालून भागलं असतं. पण तो जवळ न्यायचा होता, आणि जवळ लगेच लेन्सची शेवटची काच होती. लेन्स कारखान्यात परत पाठवून उघडायची, एवढाच मार्ग.

मी प्रोजेक्टच्या मॅडमना फोन केला.

"किती वेळ?"

"आठ महिने."

"दुर्बिणीवर आपला नंबर दोन महिन्यांवर आलाय." मग म्हणाल्या, "रिपोर्टमध्ये चूक कुणाची लिहू?"

"माझी."

आईने काळ्या गॉगलआडून विचारलं, काय झालं. चष्म्याचा नंबर चुकावा तसं झालंय, मी सांगितलं.

"इतक्या शिकलंस, आणि नंबर चुकवलंस?" मग माझा आवाज ऐकून म्हणाली, "दुसरो करून घे."

लेन्स दुरुस्त झाली. तोवर दुर्बिणीवरची आमची जागा दुसऱ्या गटाच्या यंत्राला गेली. अकरा जणांची सहा वर्षं लॅबच्या कोपऱ्यात प्लास्टिकखाली झाकून ठेवलीत. मृणाल नोकरी सोडून गेली. नव्या माणसांना मी आधी तो रकाना दाखवतो.

ऑपरेशननंतर महिन्याभराने आईचा चष्मा आणायला देवगडला गेलो होतो. दुकानातल्या तक्त्यावरची अक्षरं तिने घडाघडा वाचली. तरी दुकानदार म्हणाला, "आजी, जरा भायर येवा." उन्हात उभं करून त्याने तिला समोरच्या एसटीची पाटी वाचायला लावली. मगच डबी हातात दिली.

त्याला दोन मिनिटं लागली.