ओढ्याची ओटी

आईचं माहेर दुष्काळी माण तालुक्यातलं. तिकडं वाहतं पाणी दिसलं की बायका आधी हात जोडतात, मग घागर बुडवतात. लग्न होऊन ती सांगलीत आली तेव्हा आमच्या घरामागं बारमाही ओढा होता. दर आषाढात त्याला नवं पाणी आलं की ती पायऱ्या उतरून त्याची ओटी भरायची. खण, नारळ, ओंजळभर तांदूळ. पुढं सगळ्या गल्ल्यांची गटारं ओढ्यात सोडली आणि तिची ओटी बंद पडली.

म्हणून ओढा पुन्हा जिवंत करायची टूम निघाली तेव्हा आई हरखली. मी नाही हरखलो. असल्या टुमा पुष्कळ पाहिल्यात. गाळ मात्र खरंच निघाला, गटारंही दुसरीकडं वळवली. मग काठानं लांबलचक भिंत उठली, तिच्याआड आमच्या पायऱ्या गेल्या. रंगकाम आटोपलं की तिथं दार बसवणार, असं कुणीतरी आईला सांगितलं आणि तिनं ते धरून ठेवलं.

विश्रामबागेकडची कॉलेजची पोरं रंगवायला आली. आईनं त्यांना चहा पाजला, ओटीची रीत सांगितली. त्यांनी भिंतीवर निळाशार ओढा काढला, मासे काढले, आणि पायऱ्यांवर ओटी घेऊन उभी असलेली एक बाई. नाक थेट आईचं. आईनं लाजत लाजत सगळ्या शेजारणींना नेऊन दाखवलं. उद्घाटन झालं, फोटो निघाले, मंडळी पांगली. दार काही बसलं नाही.

आषाढात आईनं ट्रंकेतून खण काढला. "चल रं, मला धरून उतरव."

"आई, दार कुठंय?"

"तू बघ तर वरनं. पाणी आलंय का?"

स्टूल लावून मी भिंतीपलीकडं डोकावलो. काळं पाणी, त्यावर फेस आणि पत्रावळ्या. गटारं पुन्हा होती तिथंच आली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ओरडणार कुणावर? आईला खरं ते सांगितलं.

ती भिंतीवरच्या चित्राकडं वळली. मग म्हणाली, "त्या बाईला तरी उतरू द्यायचं हुतं रं पाण्यात. कवापासनं उभी हाय."

नारळ चटणीत गेला. यंदाच्या आषाढात मीच आठवण करून दिली, तर म्हणाली, "कुणाची ओटी? गटाराची?"