कप्तान शेवटी उतरतो

सीमेवर तोफा सुरू झाल्या आणि माझ्या धाकट्या भावाचा फोन बंद झाला. तो नौदलात कमांडर आहे, एका युद्धनौकेचा प्रमुख. घरी आई आणि मी. मी टीव्हीची वायर काढून कपाटात टाकली, बातम्यावाल्यांना म्हटलं, ओरडा तुमचे तुम्ही. आई मात्र निर्धास्त होती.

"मुरगूडच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलाय त्यो. पाण्यात पडला तर हात मारत काठाला येतोय की."

समुद्राचा काठ किती लांब असतो, हे मी तिला सांगितलं नाही. तेवढ्या भरवशावर ती दोन घास खात होती.

एका संध्याकाळी शेजारचे निवृत्त सुभेदार धीर द्यायला आले. चहा घेताना त्यांनी जुन्या युद्धातली गोष्ट काढली. शत्रूच्या पाणबुडीने आपल्या एका जहाजाचा तळ फोडला. जहाज कलंडू लागलं. कमांडरने पोरांना धरून धरून पाण्यात ढकललं, स्वतःचं लाईफ जॅकेट एका खलाशाच्या अंगात चढवलं आणि आपण वर उभाच राहिला.

आईने विचारलं, "उडी का न्हाय मारली? पोहता येत नव्हतं?"

"येत हुतं की, वहिनी! पण खाली माणसं अडकलीती. कप्तान सगळ्यांच्या शेवटी उतरतो. जलसमाधी घेतली वाघानं!"

आईने कप खाली ठेवला. त्या रात्री ती जेवली नाही.

मी रोज कागलला कारखान्यात जात होते, कामं उरकत होते. पण दाराची बेल वाजली की आधी खिडकीतून बघायचे, वर्दीतलं कोणी नाही ना. जलसमाधी हा शब्द शाळेत मी मोठ्या आवाजात वाचला होता. त्याचा साधा अर्थ, घरी देहसुद्धा येत नाही, हा आत्ता कळला.

तोफा थांबल्या. काही दिवसांनी भाऊ सुट्टीवर आला. तो तांबडा रस्सा ओरपत होता. आई स्वयंपाकघरात गेल्यावर मी विचारलं, "जहाज बुडायला लागलं तर तू उडी मारणार का न्हाय?"

"अक्का, जेवू देतीस का उलटतपासणी घेतीस?"

"मारणार का न्हाय?"

"आधी पोरं उतरवायची."

"मग?"

त्याने वाटी पुढे केली. "वाढ की."

मी वाढलं. निम्मा रस्सा ताटात सांडला.

आतून आईने विचारलं, "काय म्हणतोय गं?"

"रस्सा मागतोय," मी म्हणाले.