रुम्यानाची खिडकी

आम्हा बल्गेरियन बायकांना मार्चपर्यंत दम निघत नाही. बर्फ असतानाच परसात फळ्यांची चौकट ठोकायची, तळाशी उबेसाठी घोड्याची ताजी लीद, वर माती, त्यात ढोबळ्या मिरचीचं बी आणि झाकायला घराची जुनी खिडकी.

शेजारच्या नेद्याल्कामावशीने घराला प्लास्टिकच्या खिडक्या बसवल्या, तेव्हा लेकीच्या खोलीची लाकडी खिडकी काही काढू दिली नव्हती. यंदा ती काढून मिरचीच्या चौकटीवर ठेवली.

“सुचलं एकदाचं शहाणपण!” मी कुंपणावरून म्हटलं.

“तू आधी स्वतःचं तोंड झाक,” मावशी म्हणाली.

तिची लेक रुम्याना कधीची स्पेनला गेलीय. तिकडे मिरच्याच तोडते. फोनवर म्हणते, “आई, इथं भर थंडीत मिरच्यांचे ढीग असतात. कशाला खपतेस?”

“त्यांना चव नसते,” असं म्हणून मावशी फोन ठेवते.

ऊन चढलं की रोपांना वारा द्यायला काच उचलावी लागते. काल मावशी वाकली, काचेवर हलकेच टकटक केलं आणि थांबून राहिली.

“अगं, उचल की! कुणाची वाट बघतेस?”

“न विचारता खिडकी उघडलेली तिला आवडत नाही,” मावशी म्हणाली.