दर तासाची तपासणी

"उजव्या डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचलंय," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. सेंट्रल सेरस रेटिनोपथी. म्हणजे आतल्या पडद्याखाली फोडासारखं पाणी साचतं आणि सरळ रेघ वाकडी दिसते. "टेन्शन फार घेता का?"

मी नुसता हसलो. बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी फायनल इन्स्पेक्टर. माल पास की रिजेक्ट, ते माझ्या डोळ्यावर. तोच गेला तर मी कशाच्या कामाचा?

पंधरा दिवस माप घ्यायच्या गेजचा काटा वाकलेला दिसत होता. मी शहाणा! गेजच दुरुस्तीला पाठवला. डोळ्याचा संशय आलाच नाही. ग्राहकाची तक्रार, ऑडिट तोंडावर, दोन महिने धड झोप नव्हती. निपाणीहून आईचा फोन आला की "बरं आहे" एवढंच सांगायचो.

मॅडमनी ओसीटी नावाचं स्कॅन केलं, त्यात पडद्याचे थर दिसतात. औषध नाही दिलं. "बहुतेकांचं आपोआप सुकतं. झोपा, फिरा, काम कमी करा." वर चौकटींचा एक कागद दिला. डावा डोळा झाकून, त्यावरच्या रेघा सरळ दिसतात का ते रोज सकाळी एकदाच बघायचं.

एकदाच? आमच्या लाइनवर दर तासाला नमुना तपासतात. मीही तेच सुरू केलं. कारखान्याच्या संडासात, बसमध्ये, ताट बाजूला सारून. फिरायला गेलो तरी कागद खिशात. रेघ जरा जास्त वाकली की पुन्हा बघायचो. साहेबांपासून लपवलं आणि एका डोळ्यावर माल पास करत राहिलो. लिहिताना आजही लाज वाटते.

सहा आठवड्यांनी दुसरं स्कॅन झालं. पाणी वाढलं होतं. मी मॅडमसमोरच रडलो. माझ्या बायकोनं, सुनंदानं, माझ्या खिशातला घड्या पडून फाटायला आलेला कागद काढून टेबलावर ठेवला. "दर तासाला बघत असतात, मॅडम."

"मग डोक्याला आराम कधी दिलात?" मॅडमनी विचारलं.

बाहेर आल्यावर सुनंदा म्हणाली, "अहो, खपली सारखी उचकटली तर जखम भरंल का?" तेव्हापासून कागद तिच्याकडं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना खरं सांगितलं. मी पास केलेला माल पुन्हा तपासला गेला, मला स्टोअरला पाठवलं. अपमान झाला, पण त्या दिवशी आडवा झालो तो थेट सकाळीच उठलो.

पुढं चार महिन्यांनी पाणी सुकलं. मधली एक रेघ मात्र थोडी वाकडीच राहिली, आता ती तशीच राहणार. इन्स्पेक्शनला परत घेणार नाहीत. त्याचं वाईट वाटतं, रोज वाटतं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिल्याच दिवशी कुणाला तरी सांगा. मी फार उशीर केला.

आता सकाळी चहा झाला की सुनंदा कागद समोर धरते. "आज कशी आहे?"

"वाकडी आहे," मी सांगतो.

"बरं. डबा भरलाय, घ्या," ती म्हणते आणि कागद कपाटात ठेवते.