बर्फातली बाटली

माझ्या सहा वर्षांच्या मुलीचं औषध फ्रिजमध्ये असतं आणि त्या कप्प्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपत नाही. तिचे स्नायू दुबळे होत चाललेत. स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी जगवणारं प्रथिन ज्या जनुकातून तयार होतं, ते जनुकच तिच्याकडे नाही. एक राखीव जनुक आहे, पण त्याच्या आरएनएची जोडणी होताना नेमका एक तुकडा गळतो आणि प्रथिन कुचकामी निघतं. हे औषध तो तुकडा गळू देत नाही, तेही रोज घेतलं तरच. आहे ती ताकद टिकवायची, गेलेली सहसा परत येत नाही, असं डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं.

त्या दिवशी करंजाड्यात सकाळपासून वीज नव्हती. मी ऑफिसातून लवकर आले, तर सासूबाई खुशीत होत्या. त्यांचं माहेर उरणकडचं, कोळ्यांचं.

"औषध नासंल म्हनून म्हावऱ्याच्या पेटीत ठेवलंय. बरफ हाय, वर मीठ बी टाकलंय. आमचं म्हावरं असंच टिकतं."

मिठानं बर्फ आणखी गार होतो. मी मासळीची ती पेटी उघडली. दोन पापलेटांच्या मध्ये बाटली आडवी पडली होती. हलवली, तर आत काहीच हललं नाही. मी त्यांना नको नको ते बोलले. भीती वाटली की मला आधी रागच येतो.

औषध पुरवणाऱ्यांना फोन केला. गोठलेलं वितळवूनही द्यायचं नाही म्हणाले, आणि नवी बाटली यायला आठवडा तरी लागणार होता. डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा खंडानं लगेच काही होऊ नये. होणार नाही, असं काही ते म्हणाले नाहीत.

मग रोज संध्याकाळी मी मुलीला खेळ म्हणून हात वर करायला सांगायचे. एकदा तिचा उजवा हात कानापर्यंत येऊन थांबला. "दमले गं आई," ती म्हणाली. खरंच दमली असेल, असं मी स्वतःला बजावत राहिले.

सासूबाई दारातून बघत होत्या. मुलगी झोपायला गेल्यावर त्यांनी विचारलं, "हात गेला तर औषधानं परत येल ना, बाय?"

"येईल, आई," मी म्हटलं.

इतक्या हळू मी त्यांच्याशी कधीच बोलत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्या भिंतीला धरून खाली बसल्या.