गव्हाच्या बिअरमधलं केळं

समोरच्या दारातले दादा बिअर शोधत हिंडताहेत, ही बातमी जिन्यात सगळ्यांत आधी मला लागली. मला लागली म्हणजे ती वरच्या मजल्यावर पोचलीच म्हणून समजा. पण ही मी पोटात ठेवली. पोट फुगलं, तरी ठेवली. कारण दादा म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. सरबताचा दुसरा ग्लास घेतानासुद्धा आधी बायकोकडे बघणारा.

आणि नाकही भरभक्कम. ते वळणावरून येताना आधी नाक दिसतं, मग दादा. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणते, ते हसतात. त्या नाकावरच त्यांचं सगळं चाललं होतं. कोपऱ्यावरच्या बेकरीत ते खमिरावर होते. खमीर म्हणजे आधीच आंबवून ठेवलेलं पीठ. ते नव्या पिठात मिसळलं की पाव फुगतो. भट्टीशेजारी त्याची झाकणं लावलेली पिंपं असतात. दादा रोज सकाळी एकेक झाकण उचलायचे, नाक आत घालायचे आणि सांगायचे, "हे घ्या. हे दुपारी. हे ओतून टाका." त्यांनी सांगितल्याशिवाय पिठाला कुणी हात लावायचं नाही. मालक म्हणायचा, "यंत्र बंद पडलं तर मिस्त्री मिळतो. दादांना सर्दी झाली तर कुणाला बोलावू?"

सर्दी नाही, ताप आला. जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू. काहींना येत नाही." दादांनी पहिलं वाक्य घरी आणलं, दुसरं दवाखान्यातच सोडून आले.

बेकरीत त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. बुडबुडे बघून, बोटानं चाखून दिवस ढकलले. मग एका सकाळी बिघडलेल्या पिंपाला "हे घ्या" म्हणून बसले. त्या दिवशीची पिशवी मी स्वतः परत नेली. "दादा, आज पाव मोज्यात घालून भाजला का हो?" दादांनी पिठाला दोष दिला. मालकानं वाद घातला नाही. त्यानं त्यांना पाव कापून पिशव्या बांधायच्या टेबलावर बसवलं. "नाक बरं झालं की सांगा," तो म्हणाला. "पिंपं समोर ठेवतो. बरोबर ओळखलीत की जागा तुमचीच."

तेव्हापासून दादा घरभर वास शोधत फिरायला लागले. वहिनी कांदा परतायला लागली की हे कढईवर वाकायचे. ती म्हणायची, "अहो, भुवया जळतील." तर म्हणायचे, "जळल्या तरी मला कळायचं नाही."

अशात वहिनीचा भाऊ सुटीवर आला. तो जहाजावर असतो. त्यानं आम्हां सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि परदेशातून आणलेल्या बाटल्या काढल्या. जर्मन बिअर, पण गव्हाची. ओतताना शेवटचा घोट बाटलीतच ठेवून त्यानं ती गोल गोल फिरवली आणि तळाचा गाळही ग्लासात घेतला. रंग असा गढूळ की मी म्हटलं, "नळाला आज असंच पाणी येत होतं." दादांनी आग्रहाखातर ग्लास तोंडाला लावला आणि ताठ झाले.

"केळं," ते म्हणाले. "केळं आणि लवंग!"

सगळे हसले. मेव्हणा हसला नाही. म्हणाला, "बरोबर ओळखलंत भाऊजी. या बिअरला तसाच वास असतो. त्यात फळ नाही न् मसाला नाही. सगळी करामत ती आंबवणाऱ्या खमिराची."

खमिराची म्हटल्यावर दादांचे डोळे भरून आले. आता हे केळ्या-लवंगेचं मेव्हणा बाटली उघडतानाही बोलला होता की दादांनी ओळखल्यावरच बोलला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. आमचे हे म्हणतात आधी, मी म्हणते नंतर.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू. दादांच्या मनानं घेतलं, की हा वास रोज घेतला तर त्याच्या मागोमाग बाकीचे येतील. वहिनी म्हणाली, "केळी आणि लवंगा घरात आहेत की. त्या हुंगा."

"त्यांचा नाही येत गं."

"त्यांचा नाही येत आणि बाटलीचा येतो. बरं आहे नाक तुमचं, निवडक आहे."

माझ्याकडे स्कूटर, म्हणून दादांना मागे बसवून मी निघाले. पहिलं दुकान काचेच्या कपाटांचं. दुकानदारानं बाटली अशी हातात दिली की जणू तान्हं बाळ. किंमत ऐकून दादांनी ती अलगद परत पाळण्यात ठेवली. मग मोठ्या बाजारातल्या दुकानात इथलीच, पण 'जर्मन पद्धतीची' म्हणून लिहिलेला डबा मिळाला. स्वस्त होता. घरी ओतला तर बिअर काचेसारखी स्वच्छ. दादांनी ग्लास नाकाशी नेला आणि खाली ठेवला. "यात काही नाही." हे त्यांनी हुंगून ठरवलं की बघून, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. एरवी नको तिथे नाक खुपसते, नेमकी तिथेच गप्प बसले.

शेवटी मालट्रक उभे राहतात तिथल्या गोदामाचा पत्ता लागला. तारीख संपत आलेला परदेशी माल तिथे खोक्यांनी पडलेला असतो. चॉकलेटं, चीज आणि कोपऱ्यात आमच्या गढूळ बाटल्या, तेच जर्मन नाव, आणि भाव इतका कमी की दादांनी दोनदा विचारला. गोदामवाला मात्र सरळ माणूस निघाला.

"काका, आधीच सांगतो. या बिअरचा वास ताजेपणी. हा माल उन्हात तापलाय, जुना झालाय, वास उडालाय. म्हणून तर या भावात. उद्या भांडायला येऊ नका."

"तुमचं नाक आणि माझं नाक यात फरक आहे," दादा म्हणाले, आणि खोकंच उचललं.

घरी आल्या आल्या त्यांनी बाटली फोडली, गाळ फिरवून ओतला आणि डोळे मिटले. "मेव्हण्याकडच्यापेक्षा जास्त येतोय! अगं, भरभरून येतोय!" मीही ग्लास हुंगला. मला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. म्हटलं, आपण कुठे तज्ज्ञ.

त्याच आठवड्यात दादांनी मालकाला सांगून टाकलं, "सोमवारी पिंपं ठेवा." आणि मी जिन्यात वहिनीला गोदामवाल्याचं बोलणं हुबेहूब त्याच्या आवाजात करून दाखवलं. हसायला म्हणून. वहिनी हसली नाही. कडी धरून उभी राहिली.

रविवारी दुपारी तिनं मला बोलावलं. ओट्यावर दोन सारखे पेले, दोन्हींवर बशा झाकलेल्या. दादा खुर्चीत, डोळ्यांवर टॉवेल बांधलेला, आणि स्वारी एकदम खुशीत. "या! परीक्षक आल्या का? उद्याची रंगीत तालीम आहे."

वहिनीनं कपाटाकडे बोट केलं. काचेच्या कपाटांच्या दुकानातली ती महागडी बाटली होती, ताजी. ती तिनं एकटीनं जाऊन आणली होती. त्यातली बिअर एका पेल्यात. दुसऱ्यात काय, ते मला आधी कळेना. तिनं तोच पेला उचलून त्यांच्या नाकाखाली धरला. वरून बुडबुडे तडतडत होते.

दादांनी लांब श्वास घेतला. "अहाहा. केळं. आज अगदी पिकलेलं. आणि मागे लवंग आहे, थोडी."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे नको म्हणाले. राहू दे, सोमवारचं सोमवारी बघू. पण ती ज्या घरात राहते तिथे सोमवार माझ्याआधी येतो.

"अहो," ती म्हणाली, "सोडा आहे."

दादा जे हसले! टॉवेलाखाली गाल हलत होते. "हे त्या समोरच्या बयेनं शिकवलं तुला. हिच्या थट्टेला काही सुमार?"

"मी नाही हो दादा," मी म्हटलं.

"तूच! मोज्यात भाजलेला पाव म्हणणारी तूच ना?"

आजवर इतक्या थापा मारल्या, सगळ्या खपल्या. त्या दिवशी खरं बोलले तर ते खपेना. वहिनीनं पेला त्यांच्या हातात दिला. त्यांनी हसत हसत घोट घेतला. गाल थांबले. पेला मांडीवर आला.

"दुसरा दे," ते म्हणाले.

दुसरा त्यांनी कितीतरी वेळ धरून ठेवला. नाक कडेला टेकलं, फेस लागला. स्वयंपाकघरभर त्या बिअरचा वास पसरला होता, मला उभ्या जागी येत होता.

"काय येतंय?" वहिनीनं विचारलं.

"थंड आहे," दादा म्हणाले.

तिनं टॉवेल सोडला. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही. नाकावरचा फेस पुसत म्हणाले, "पिंपं ती. चांगलं की बिघडलेलं, दोनातून एक. नशिबानं बरोबर आलं तर?"

"उद्या येईल. परवा? लोकांच्या पोटात जातं ते."

"मी खोटं नव्हतो बोलत गं. मला येत होता."

"माहीत आहे मला," वहिनी म्हणाली, आणि बाजूला बसली.

सोमवारी दादा नेहमीपेक्षा लवकर गेले. मालकानं पिंपं मांडून ठेवली होती. दादांनी झाकणाला हात न लावता सांगितलं, "माझं नाक गेलंय. तो पावही माझ्यामुळेच बिघडला होता. मला टेबलावरच राहू द्या." मालक वाईट नाही, टेबलावर ठेवलं. पण खमिरावर आता त्याचा साडू असतो, चांगला दांडगा माणूस, नाक एवढंसं.

परवा पाव आणायला गेले तेव्हा साडूनं एक पिंप उघडलं होतं. दादा पिशवीला गाठ मारता मारता थांबले.

"वास कसा आहे?"

"चांगला आहे, दादा."

"चांगला म्हणजे कसा? सफरचंद कापल्यासारखा? की दही लागल्यासारखा?"

साडूनं परत वाकून हुंगलं, डोकं खाजवलं. "आंबट आहे हो. चांगला आहे."

"अरे, आंबट तर असणारच. पण पुढे काय येतं? नीट घे की."

"पुढे काही नाही," साडू म्हणाला आणि झाकण लावलं.

दादा त्या झाकणाकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्या पिशवीची गाठ मारली, सोडली आणि पुन्हा मारली.